म्हणे!

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर निवडून येतो आणि मुदत संपत आली की पुन्हा मतं मागायला दारोदार हिंडतो. आपला राज्यपाल राष्ट्रपतींच्या हुकमानं येतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची निंदा करण्याचं सुख त्या बिचाऱ्याच्या नशिबी नाही. ही उणीव आमच्या नगर जिल्ह्यानं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरनं, १९९१ साली लोकसभेच्या निवडणुकीत भरून काढली.

खुर्चीत होते यशवंतराव गडाख, १९८४ पासूनचे खासदार. समोर अपक्ष उभे बाळासाहेब विखे पाटील. एकीकडे सोनईची साखर, दुसरीकडे प्रवरेची. पण प्रचारात गोडवा औषधालाही नाही! विखे मतदारांना सायकली, साड्या, दारू वाटणार, असं गडाखांच्या भाषणांतून आलं. गडाख निवडून आले. विखे कोर्टात गेले. १९९३ साली हायकोर्टानं निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. मात्र विखेंनाच विजयी ठरवणं सुप्रीम कोर्टानं मानलं नाही. एकाचं बोलणं खोटं ठरलं म्हणून दुसऱ्याला खुर्ची मिळते, असं नव्हे.

खुर्चीवरच्या माणसानं खरं तर आपला हिशेब द्यावा. पण रस्त्यांचा आणि पाटपाण्याचा हिशेब सुरू झाला की सभेतले लोक तंबाखू मळायला घेतात, आणि सायकलींचा विषय निघाला की कान टवकारतात. मग दोष एकट्या बोलणाऱ्याचाच कसा?

मला गंमत वाटते ती कायद्याची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३ वं कलम म्हणतं, उमेदवाराच्या चारित्र्याविषयी केलेलं विधान खोटं आहे हे तुम्हांला ठाऊकच असलं पाहिजे असं नाही. विधान खोटं निघालं आणि ते खरं आहे असं तुम्हांला वाटत नव्हतं, एवढंही पुरतं!

आता सांगा, या कलमातून तुम्हीआम्ही सुटू? 'जोश्यांच्या जावयाची नोकरी गेली म्हणे.' यातला तो 'म्हणे' म्हणजे आपली पळवाट. खोटं बोललो नाही, कारण खरं आहे असं आपण म्हटलंच नव्हतं. कायद्यानं नेमकी तीच वाट बुजवली आहे. जे स्वतःलाच खरं वाटत नाही, ते दुसऱ्याच्या कानात घालायचा आपल्याला काय अधिकार?

उमेदवाराचं बरं असतं. त्याची निवडणूक रद्द होते, गावाला कळतं, पुन्हा मतदान होतं. जोश्यांच्या जावयाला मात्र अपिलाची सोयच नसते.