बिनशिफारशीचा वारसा

जुळे सोलापुरात चहाच्या टपरीवर घराणेशाहीचा विषय निघाला की प्रत्येकाकडे दोन-चार नावं असतातच. आमदाराचा मुलगा आमदार, चेअरमनचा मुलगा चेअरमन. (आपल्या पोराला आपल्याच दुकानात बसवणाराही यात हिरिरीने बोलतो, ते असो.) बाप-लेक दोघंही लढाऊ वैमानिक, अशी घरं मात्र या यादीत बसत नाहीत. हवाईदलात वैमानिक होण्याची कलचाचणी अनेक वर्षं आयुष्यात एकदाच देता येत असे. नापास झालात की तो रस्ता संपला, मग वडील एअर मार्शल का असेनात.

एअर मार्शल सिंहकुट्टी वर्धमान यांचा मुलगा अभिनंदन ही चाचणी पार करून वैमानिक झाला. २७ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं मिग-२१ पडलं आणि तो पाकिस्तानच्या हाती लागला.

१९६५ च्या युद्धात नंदा करिअप्पांचं हंटर विमान असंच पडलं होतं. त्यांचे वडील माजी लष्करप्रमुख, आणि पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष अयूब खान एकेकाळी त्यांच्या हाताखालचे. अयूबनी मुलाला सोडायची तयारी दाखवली, तर सगळेच कैदी माझी मुलं आहेत, अशा अर्थाचं उत्तर थोरल्या करिअप्पांनी धाडलं. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण ते पायदळातले. पडत्या विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जाताना मणक्याचं काय होतं, हे त्यांना ऐकूनच माहीत असणार. वर्धमानांना अज्ञानाची तेवढीही सोय नव्हती. ते स्वतः लढाऊ वैमानिक, शिवाय नव्या विमानांची चाचणी घेणारे. पाकिस्तानात कैद झालेल्या भारतीय वैमानिकावर मणिरत्नमनी २०१७ मध्ये 'काट्रु वेळियिडै' हा चित्रपट काढला, त्याचे सल्लागारही तेच. जे दिग्दर्शकाला समजावून सांगितलं, ते दोन वर्षांत घरी आलं.

मुलगा सुटतोय म्हटल्यावर आई-वडील चेन्नईहून दिल्लीला निघाले, तेव्हा विमानातल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. योग्यच केलं. पण माझ्या मते बापाला जड गेला असेल तो २ सप्टेंबरचा दिवस. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मुलगा पुन्हा मिग-२१ मध्ये बसला. सोबत होते हवाईदलप्रमुख धनोआ. एकदा विमानातून असंच बाहेर पडून पुन्हा उडू लागलेले तेही.