कफील आणि मुकादम

मोर्शीतल्या आमच्या मोहल्ल्यात ‘कफील’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो. आखातात राबून आलेल्यांनी तो इथे आणला. सौदीत गाडी चालवायला गेलेला आमचा एक आतेभाऊ सांगे, उतरल्या दिवशीच कफीलने पासपोर्ट कपाटात टाकला. पुढे पगार थकला, पण काम सोडायचे तरी परवानगी त्याचीच. ऐकून आमचे रक्त उसळे. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी हा हदीस आपल्या सर्वांना पाठ आहे. आम्ही तो त्या न पाहिलेल्या सौदी मालकाला कितीदा तरी ऐकवला असेल. २०२० साली कतारने नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, तेव्हा आम्हांला आपलेच कोणी सुटल्यासारखे वाटले.

पण आमच्या संत्र्याच्या बागांत काय चालते?

आंबिया बहाराच्या तोडणीला सालबर्डीपलीकडून, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातून मजूर येतात, मेळघाटातूनही येतात. बरेचसे कोरकू, गोंड. बाग उभीच व्यापाऱ्याला विकलेली असते आणि मजूर मुकादमाचे असतात. आमच्यातले कोणी बागवाले, कोणी व्यापारी, कोणी ट्रकवाले. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा काही मुकादम उचल देतात. मग ती फिटेपर्यंत मजुराने दुसऱ्या बागेत जायचे नाही, तिथे चार पैसे जास्त मिळत असले तरी. पासपोर्ट नसतो, चोपडीत नाव असते. कर्जापोटी माणूस असा बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरवले. १९७९ च्या कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुराला प्रवासभत्ता देऊ केला होता. बागेच्या धुऱ्यावर आम्ही यांपैकी एकाही कायद्याचे नाव कधी ऐकले नाही.

हे बोलले की उत्तर तयार असते : उचल नसती तर त्यांची चूल पेटली असती का? प्रश्न खोटा नाही. आतेभावाच्या घराची कौले जाऊन स्लॅब पडला तोही कफीलच्याच पगारातून. पण त्याचे दुखणे पैशाचे नव्हतेच. निघून जाता येत नव्हते, हे ते दुखणे होते.

गेल्या तोडणीत आम्ही एका मजुराला विचारले, उचलीतले किती फिटले? तो म्हणाला, मुकादमाला ठाऊक. मुकादम चार पावलांवर उभा होता. ट्रक भरायचा होता. आम्ही त्याला विचारले नाही.