देहाचे खरे बोलणे

एखाद्याच्या वागण्यावर विश्वास बसला नाही की आपण सहज म्हणतो, ‘हे सारे नाटक आहे.’ नाटक आणि खोटेपणा यांची ही सांगड फार जुनी आहे. ग्रीक भाषेत रंगमंचावरील नटाला ‘हिपोक्रितेस’ म्हणत. नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठात दांभिकांसाठी हाच शब्द आला आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना तो लावलेला आहे. तेव्हा प्रश्न उभा राहतो: देहाला वळण लावून, सराव करून, ठरवून केलेली कृती खरी असू शकते काय? की मनातून आपोआप उमलते तेवढेच खरे आणि बाकी सारा दंभ?

हा प्रश्न केवळ नटांचा नाही. मन लागत नसेल तर गुडघे का टेकावेत, राग गेला नसताना हात का मिळवावा, असे आपली तरुण मुले विचारतात. त्यांच्या विचारण्यात प्रामाणिकपणा असतो आणि त्यांना प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. ते शोधण्यासाठी, ज्यांनी हावभावांचा अभ्यास हेच आयुष्याचे काम मानले, त्या मूकाभिनयाच्या उपासकांकडे आपण वळू या.

1913 च्या उन्हाळ्यात झाक कोपो या फ्रेंच दिग्दर्शकाने आपल्या नटांना पॅरिसच्या गजबजाटातून काढून लिमों या खेड्यात नेले. एकत्र राहायचे, वाचन करायचे, शरीर कमवायचे आणि उघड्यावर तालीम करायची, असा तेथील क्रम होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे ‘व्ह्यो कोलोंबिये’ नाट्यगृह सुरू झाले. पुढे एका तालमीत एक नटी संकोचाने ताठरून गेली, तेव्हा कोपो यांनी तिच्या चेहऱ्यावर हातरुमाल टाकला आणि तिचे अंग मोकळे झाले, असे सांगतात. त्यांच्या नाट्यशाळेत मुखवटा घालून सराव करण्याची पद्धत रुजली. ओळखीचा चेहरा झाकला की त्याच्या सवयीच्या लकबी उपयोगी पडत नाहीत. सारे काही देहालाच सांगावे लागते. हेच कोपो 1925 च्या सुमारास कॅथलिक श्रद्धेकडे परतले, हे येथे नमूद करावेसे वाटते.

या शाळेत शिकलेल्या एत्येन दक्रू यांनी मूकाभिनयाचे शास्त्र रचले. मार्सेल मार्सो त्यांचे शिष्य. या दोघांकडे शिकलेले अमेरिकन कलावंत टोनी मोंटानारो यांनी 1972 मध्ये मेन राज्यातील साउथ पॅरिस या लहानशा गावी एका जुन्या तबेल्यात ‘सेलिब्रेशन बार्न’ ही संस्था सुरू केली. तेथे उन्हाळ्यात निवासी प्रशिक्षणवर्ग भरू लागले. शिकणाऱ्यांनी तेथेच राहायचे, एका पंगतीला जेवायचे आणि दिवसभर देहाची मशागत करायची. लिमोंच्या उन्हाळ्याचाच हा धागा म्हणावा लागेल.

मूकाभिनयात काय शिकवतात? समोर नसलेली भिंत दाखवायची तर हाताचा तळवा हवेत एका बिंदूवर स्थिर ठेवावा लागतो आणि उरलेले शरीर त्याभोवती हलवावे लागते. तळवा बोटभर सरकला तरी भिंत ढासळते. नसलेली भरली बादली उचलायची तर आधी पाय रोवावे लागतात, कंबर वळवावी लागते, दुसऱ्या बाजूला तोल द्यावा लागतो. खऱ्या बादलीचे ओझे ज्याच्या अंगाला ठाऊक नाही, त्याला खोटी बादली उचलता येत नाही. शब्दांची सोय नसल्याने येथे सारवासारव करता येत नाही आणि प्रेक्षकाला खोट चटकन दिसते. सराव देहाला असा वस्तुस्थितीशी इमान राखायला शिकवतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अठराव्या शतकात दिदरो या फ्रेंच तत्त्वज्ञाने असे मांडले की थोर नट स्वतः काही अनुभवत नाही. तो केवळ अचूक खुणा दाखवतो. तसे असेल तर सरावाने आपण निष्णात दांभिकच घडवू. घोटून घोटून गुळगुळीत झालेली कृती आतून पोकळ होऊ शकते, हे आपण देवळात आणि घरातही पाहतो.

परंतु ॲरिस्टॉटल आणि त्यांच्यामागून संत थॉमस अक्विनास यांनी दाखवून दिले आहे की न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. सद्गुण आधी मनात पूर्ण पिकून मग हातात उतरत नाही. पुष्कळदा तो हातातून मनाकडे चढतो. आपला ‘अभिनय’ हा शब्दही येथे मदतीला येतो. ‘अभि’ म्हणजे कडे आणि ‘नी’ म्हणजे नेणे. भाव दुसऱ्याकडे नेणे म्हणजे अभिनय. दांभिकाची कृती उलट दिशेने जाते. ती दुसऱ्याची नजर स्वतःकडे ओढून घेते.

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना फ्रान्समधून गुपचूप स्वित्झर्लंडला पोचवण्याच्या कामात तरुण मार्सो होते. वाटेत मुले शांत राहावीत म्हणून मूकाभिनयाने आपण त्यांना रमवीत असू, असे त्यांनी पुढे सांगितले. ते स्वतः ज्यू होते; 1944 मध्ये त्यांच्या वडिलांना आउश्वित्झला नेण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. भीती त्यांच्याही उरात असणारच. मग चेहऱ्यावर आणलेल्या त्या हसूला खोटे म्हणण्यास कोण धजेल?

म्हणून आम्हांस वाटते, मनात भाव आहे की नाही एवढ्यावरच कृतीचा खरेपणा जोखू नये. ती कोणाकडे निघाली आहे, हे विचारावे. रात्रभर जागलेली आई तापलेल्या लेकराकडे पाहून हसते; दुःखी घरी जाऊन शेजारी मुकाट्याने बसतो; रागावलेला भाऊ आधी हात पुढे करतो आणि राग त्यामागून हळूहळू उतरतो. या कृती शिकाव्या लागतात, पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. घरात मुलांना त्या शिकवताना, त्या कोणासाठी आहेत, हेही सांगण्यास आपण विसरू नये.