पायरी कोणासाठी?

नगर कोणासाठी वसवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्यशास्त्राचा वाटतो. परंतु थोडे खोलात शिरले की तो नीतीचा प्रश्न ठरतो. रस्ता किती रुंद आहे हे मोजपट्टी सांगेल. तो कोणाच्या पावलांसाठी असावा, हे मोजपट्टीला सांगता यावयाचे नाही.

काही वर्षांपूर्वी बिदर जिल्ह्यातील एका लहानशा गावी देवळाचा जीर्णोद्धार झाला. जोते उंच केले, पायऱ्या वाढविल्या, जुन्या खडबडीत फरशीच्या जागी गुळगुळीत ग्रॅनाइट आला. ज्या समितीने हा आराखडा मान्य केला तीत प्रस्तुत लेखकही होता, आणि देऊळ आता शोभिवंत दिसते याचा त्यालाही अभिमान वाटला होता. पुढे एका एकादशीस, वर्षानुवर्षे देवासाठी फुलवाती वळून आणणाऱ्या एक वृद्ध बाई पायथ्याशीच उभ्या राहून कळसाला हात जोडताना दिसल्या. "आजी, वर येत नाही?" असे विचारता त्या हसून म्हणाल्या, "देव वर गेला, बाबा. मी खालीच राहिले." त्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मनातून जात नाही.

आता समितीपुढे शिल्लक रकमेचा विचार आहे. एक पक्ष म्हणतो, बाजूने उताराची वाट, कठडा आणि स्वच्छतागृह बांधावे. दुसरा पक्ष म्हणतो, रस्त्याच्या अंगाला चार गाळे काढावेत. भाडे येईल, चार तरुणांना धंदा मिळेल, देवाची दिवाबत्ती कायमची निभेल. हा लहानसा वाद म्हणजे आजच्या साऱ्या नगररचनेचाच वाद आहे. उत्पन्न आधी की म्हातारपण आधी?

दुसऱ्या पक्षाला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आमचा भाग मागासलेला आहे, हे २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे घालून देशानेही मान्य केले. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग पुरा होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. काम नाही म्हणून मुले पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरास जातात आणि घरात म्हातारी माणसे उरतात. तेव्हा गावात रोजगार आणणे हीही एका अर्थाने वृद्धांचीच सेवा होय. शिवाय निवृत्तिवेतनाचा पैसा कोणाच्या तरी श्रमातूनच निर्माण होतो, हे विसरून चालणार नाही.

परंतु 'उत्पादक' आणि 'अनुत्पादक' अशी माणसांची जी वाटणी आपण करतो, ती वयाने होते की आपल्या रचनेने? बिदरी काम पाहावे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरावयाची, तीत चांदी बसवावयाची आणि किल्ल्यातील मातीच्या योगाने भांड्यास तो प्रसिद्ध काळा रंग आणावयाचा. ज्या गल्लीत घर आणि कारखाना एका भिंतीने जोडलेले असतात, तेथे सत्तरीचा कारागीरही नजर साथ देईल तोवर दोन तास बसतो, मग विसावतो, नातवाचा हात धरून त्याला रेघ शिकवितो. हेच घर एकीकडे आणि काम चार कोसांवरच्या वसाहतीत ठेवा. तो मनुष्य त्याच दिवशी निरुपयोगी ठरतो. त्याचे वय एका रात्रीत वाढलेले नसते, अंतर वाढलेले असते.

तरीही एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. वृद्धही उपयोगी असतात म्हणून त्यांची सोय करा, असे म्हणू लागलो, तर अंथरुणास खिळलेल्याचे काय करावयाचे? येथे आपल्या परंपरेतील पुंडलिकाची कथा निराळेच सांगते. मातापित्यांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सारली आणि देव त्या विटेवर थांबला. ते वृद्ध दांपत्य काय निर्माण करीत होते, हे देवाने विचारले नाही. जी भीमा पंढरीस वळसा घेते तीच पुढे आमच्या गाणगापुराहून वाहते. तिच्या तीरी देव म्हाताऱ्यांसाठी थांबला, आणि आमची मोटार मात्र आजोबांचा दुसरा पाय वर येईपर्यंत थांबत नाही!

पण याच कथेचा आपण सोयीस्कर अर्थही करून घेतला आहे. पुंडलिक पुत्र होता. आमच्या घरांतून मात्र ती सेवा बहुधा सुनेच्या वा लेकीच्या माथी येते, आणि तिचे तारुण्य त्यात सरते. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले, ते अखेर त्याला परत करावे लागले. आम्ही मागतही नाही, घेतो. आणि परत करीत नाही. २००७ च्या कायद्याने आईबापांचे पोषण मुलांवर बंधनकारक केले, हे योग्यच झाले. तथापि घराबाहेर पाऊल टाकताच जर चढ, निसरडी फरशी आणि दूरचा दवाखाना असेल, तर कर्तव्यनिष्ठ मूलही एकटे किती पुरे पडणार? त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धस्नेही नगरांविषयी मार्गदर्शिका काढली. घर, वाहतूक, मोकळ्या जागा, आरोग्यसेवा यांबरोबरच मान आणि सहभाग यांनाही तिने स्थान दिले. सेवेचा भार एका घरातील एका स्त्रीवर न ठेवता तो साऱ्या वस्तीने वाटून घेणे, हेच नगररचनेचे खरे नैतिक कार्य आहे.

सीमाभागात तर आणखी एक विसंगती आहे. १९५६ पर्यंत उदगीर हे बिदर जिल्ह्यातच होते. लेकी-सुना आजही इकडून तिकडे दिल्या जातात. महाराष्ट्राने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. कर्नाटकाने २०२३ मध्ये शक्ती योजनेने स्त्रियांना तसाच दिला. दोन्ही गोष्टी स्तुत्य. पण दोन्ही आपापल्या हद्दीपुरत्या. म्हातारपण सीमेपाशी थांबत नाही, सवलत तेवढी थांबते. नकाशा आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लेकीच्या घरी निघालेली आई नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

सारांश, उत्पादन हे नगराचे साधन आहे, साध्य नव्हे. साधनावाचून साध्य लाभत नाही हे खरे. पण साध्य विसरलेले साधन कोणाच्याच उपयोगी पडत नाही. गाळे अवश्य काढावेत, मात्र त्यांचे भाडे ज्या देवासाठी यावयाचे, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट आधी असावी. आज जे तरुण गाळ्यांसाठी हट्ट धरतात, त्यांचे गुडघेही एक दिवस त्याच पायऱ्या मोजणार आहेत.

दसऱ्यानंतर समितीची बैठक आहे. मागच्या वेळी ग्रॅनाइटसाठी वर झालेला माझा हात या खेपेस कशासाठी वर होणार, हे मी ठरविले आहे. त्याआधी मात्र सर्व सभासदांना मी एक विनंती करणार आहे: बैठक देवळात वर न भरविता, एक दिवस खाली, त्या पहिल्या पायरीपाशी भरवावी.