पानावरचा वाटा

बेळगावकडे मृगात, इंदूर-ग्वाल्हेरकडे आर्द्रात, पाऊस जसा येईल तसे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांच्या परसात दोडका, काकडी, भेंडी, तांबडा भोपळा यांचे बी पडते. ज्यांना परस नाही ते डब्यांत व जुन्या बादल्यांत लावतात. श्रावणात वेल मांडवावर चढतात आणि त्याच सुमारास पानांना भोके दिसू लागतात. मग घरात औषधाची बाटली येते. (विषाला 'औषध' म्हणण्याची आपली रीत मोठी सोयीची आहे.) आणि शब्बाथ शाळेतील एखादे मूल विचारते, "अळीसुद्धा देवानेच केली ना? मग ती आपण का मारायची?"

या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरे दिली जातात. एक, सर्व सृष्टी मनुष्यासाठी आहे. जे त्याच्या आड येते ते काढून टाकण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरे, उपद्रवी जीव हे मनुष्याच्या पतनाचे फळ होत. आम्हांला दोन्ही उत्तरे शास्त्राला धरून वाटत नाहीत. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात, जेथे मनुष्यवस्ती नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो, असा प्रश्न देव विचारतो. त्या पावसावर कोणाची भेंडी वाढते? पतनाविषयी म्हणाल, तर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात काट्याकुसळांचा उल्लेख आहे, अळीचा नाही. रांगणाऱ्या जीवांचे अन्न ठरते ते त्याच्या पुष्कळ आधी. उत्पत्ती १:२९ मध्ये मनुष्याला बीज देणाऱ्या वनस्पती व फळझाडे दिली आहेत आणि लगेच पुढच्या वचनात पशू, पक्षी व रांगणारे जीव यांना हिरवा पाला दिला आहे. तेव्हा पान खाणारी अळी चोरी करीत नाही. ती आपले वतन खाते.

खरी अडचण कढीलिंबाच्या झाडावर येते. लिंबाचे फुलपाखरू लिंबाच्या व कढीलिंबाच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला बोट लावावे, तर डोक्यामागून शेंदरी रंगाचे, दुभंगलेले शिंगासारखे काही बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंडीतले लहान रोप अशा पाचसहा अळ्या बघता बघता बोडके करतात. आणि फोडणीला पाने तर आपल्यालाही हवीत. एकाच पानावर दोघांचे वतन!

येथे नियमशास्त्र उपयोगी पडते. लेवीय १९:९-१० मध्ये शेताचे कोपरे साफ कापू नयेत असे सांगितले आहे, कारण तो वाटा गरिबाचा व परक्याचा आहे. निर्गम २३:११ तर याहून पुढे जाते. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानपशूंनी. त्या रानपशूंचा शेतकऱ्याला काय उपयोग, हे तेथे विचारलेले नाही. अनुवाद २२:६-७ मध्ये घरट्यातील पिले घेण्यास मोकळीक आहे, पण आईला सोडून द्यावे लागते. म्हणजे घेण्याचा अधिकार आहे, पण त्याला कुंपण आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ज्याचे वर्षाचे पोट तुरीवर किंवा कापसावर आहे, त्याला आम्ही हा उपदेश करणार नाही. पीक फस्त करणाऱ्या टोळांना योएल संदेष्ट्यानेही संकटच म्हटले आहे. पगारावर चालणाऱ्या घराचे परस ही वेगळी बाब आहे. तेथे दोडक्याचा वेल गेला, तर बाजारातून पाव किलो दोडके आणता येतात. अशा घरात नित्याच्या भाजीवरील अळ्या हाताने वेचाव्या आणि कढीलिंबाची एखादी फांदी ठरवून सोडून द्यावी, असे आमचे मत आहे. फवाऱ्याला मात्र फांदी कळत नाही. भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असतात. ती पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीने पराग पोहोचवले नाहीत, तर फुलाखालचा कोवळा भोपळा पिवळा पडून गळतो. मग ख्रिस्ती घरातसुद्धा कोणी म्हणते, वेलाला दृष्ट लागली! तरीही मधमाशी आपल्या कामाची म्हणून तिला जगू द्यावे, एवढ्यावरच थांबू नये. तो हिशेब झाला. शेताचा कोपरा हिशेबाने सुटत नाही.

बाग न्याहाळणे हा रिकामपणचा उद्योग, असे कोणी गंभीर बांधव म्हणतील. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि श्रीरामपुरात मोठी बागही राखली; १८२० साली त्यांनी कलकत्त्यास शेती व बागकामासाठी संस्था काढली. सह्याद्रीच्या रानातील आपल्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव त्यांच्याच नावावरून पडले आहे. सुवार्तेच्या कामात त्यामुळे खंड पडल्याचे कोणी म्हणत नाही.

शिक्षकांनी एक अळी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी, वर मलमलीचे फडके बांधावे, रोज ताजी पाने द्यावी. तिने किती पाने खाल्ली ते मुलांना मोजू द्यावे. पुढे ती काडीला स्वतःभोवती दोरा बांधून कोष करते आणि पावसाळ्यात साधारण आठदहा दिवसांत फुलपाखरू निघते. पण नेहमीच नाही. एखाद्या कोषाला बारीक भोक पडते आणि त्यातून गांधीलमाशीच्या जातीचे चिमुकले कीटक बाहेर येतात. त्यांनी आतला जीव जिवंतपणी खाल्लेला असतो. हिरव्या पाल्याचे वचन येथे पुरत नाही. डार्विनला अशाच कीटकांनी अडवले. दयाळू देवाने हे हेतुपूर्वक निर्माण केले असेल हे आपल्या मनाला पटत नाही, असे त्याने १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना कळवले. ग्रे यांनी तो प्रश्न टाळला नाही आणि ख्रिस्ती विश्वासही सोडला नाही.

असा कोष निघाला, तर बरणी मुलांपासून लपवू नये. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सर्व सृष्टी कण्हत आहे असे पौल म्हणतो, ते त्यांच्यापुढे वाचावे. एवढ्याने समाधान झाले नाही असे एखादे मूल म्हणाले, तर पुढच्या रविवारी तेथूनच सुरुवात करावी.