रंग उतरवताना

दिवाळी हा सजावटीचा सण. दारात रांगोळी, खिडकीत आकाशकंदील, अंगावर नवे कपडे; इतकेच काय, करंजीची कडसुद्धा कातण्याने कातरल्याशिवाय कोणी ती तळणीत सोडत नाही. अशा दिवसांत सजावट पुसून टाकण्याविषयी लिहायला बसणे अरसिकपणाचे वाटेल. पण वर्ष होत आले, एक गोष्ट मनाला टोचते आहे. ती वाचकांपुढे ठेवावी, म्हणजे टोचणी गेली नाही तरी निदान वाटून तरी घेतली जाईल.

मी हर्ण्याचा. बरीच वर्षे मास्तरकी केली आणि आता घरी बसलो आहे. शेजारच्या मच्छीमार घरातली एक मुलगी दापोलीला महाविद्यालयात शिकते. तिला तिथे आपल्या बंदराविषयी पंधरा मिनिटे बोलायचे होते. आताशा असे बोलणे नुसत्या तोंडाने होत नाही. मागे पडद्यावर स्लाइड्स लागतात. तिने त्या आठ-दहा केल्या आणि आदल्या संध्याकाळी माझ्याकडे पाठवल्या. “सर, शुद्धलेखन तेवढं बघा,” एवढीच तिची विनंती होती.

शुद्धलेखन मी पाहिले. पण पाहता पाहता नजर सजावटीवर अडकली. पार्श्वभूमीला निळ्या-जांभळ्या लाटा, कोपऱ्यात सोनेरी वेल, मथळ्यांना सावल्या. माझी घडण खडू-फळ्याची. मला वाटले, पोरीने इतकी चांगली माहिती जमवली आणि ती या भपक्याखाली झाकून टाकली. मी थीमच्या रांगेत गेलो आणि पहिलीच, कोरी पांढरी ‘ऑफिस थीम’ निवडली. क्षणात लाटा ओसरल्या. पांढरे पान, काळी अक्षरे. मनाला स्नान झाल्यासारखे वाटले. फाइल तशीच जतन केली, तिला परत पाठवली आणि पुण्य केल्याच्या समाधानात झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दारातूनच म्हणाली, “सर, लाल कुठे गेला?”

मला प्रश्नच कळेना. मग तिने दाखवले. वडिलांच्या वहीवरून तिने एका वर्षाचे 52 आठवडे 52 चौकोनांत मांडले होते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीचे चौकोन लाल, वादळाच्या इशाऱ्यामुळे नौका बंदरातच अडकल्या ते पिवळे, समुद्रावर जाता आले ते हिरवे. खाली तसे लिहिलेही होते. माझ्या उपकारानंतर ते चौकोन निळे, नारिंगी आणि राखाडी झाले होते. खालची ओळ मात्र ‘लाल म्हणजे बंदी’ असे सांगत तशीच उभी होती. घाईत तिने फाइल पुन्हा उघडून पाहिली नव्हती. सरांनी पाहिली आहे, मग पाहायचे काय? पडद्यावर पान उमटले तेव्हाच तिला ते दिसले. “मी तोंडानं सांगितलं सगळं,” ती म्हणाली, “पण निम्म्यांना कळलंच नाही.” ती रागावली असती तर बरे झाले असते.

हे घडले कसे, तेही मला तिनेच समजावून दिले. थीम म्हणजे नुसते चित्र नव्हे. तिच्यात रंगांचा एक संच असतो, अक्षरांचे वळण असते, मजकुराच्या जागा ठरलेल्या असतात. त्या संचातून आपण लाल उचलला, तरी यंत्राच्या लेखी तो ‘लाल’ नसतो. तो असतो संचातला अमुक क्रमांकाचा रंग. संच बदलला की त्या क्रमांकावर जो येईल तो. उलट, बाहेरून आणून चिकटवलेले चित्र किंवा संचाबाहेरचा मुद्दाम दिलेला रंग थीम बदलली तरी हलत नाही. त्यामुळे झाले असे की, मला जी काढायची होती ती सोनेरी वेल चिकटवलेली असल्याने जागच्या जागी राहिली आणि जे राखायला हवे होते ते नेमके गेले. मी भपका पुसायला निघालो होतो. पुसला तो अर्थ.

आता माझ्या बाजूनेही दोन शब्द बोललेच पाहिजेत. साधे करणे म्हणजे मूळ रूपाला नेणे, अशी माझी जन्मभराची समजूत. या समजुतीला आमचा समुद्रही थोडा जबाबदार आहे. हर्ण्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. दर्यावर्दी आंग्र्यांचा हा किल्ला 1755 साली इंग्रजांनी घेतला. आज आत पडक्या वास्तूंचे अवशेष आहेत, छपरे कधीच गेली. दरवाज्यापाशी मात्र भिंतीवरचा मारुती आणि पायरीवरचे कासव अजून आहेत. लहानपणापासून ते पाहून मला वाटत आले की, काळ वरवरचे सारे काढून टाकतो आणि खरे तेवढे ठेवतो. त्या रात्री प्रथमच मनात आले, की छपरे गेली म्हणून ती खोटी होती असे थोडेच आहे? त्यांच्याखाली माणसे राहत होती. जे टिकले ते दगडात कोरलेले होते म्हणून टिकले. जे गेले त्याचा दोष एवढाच की ते लाकडाचे होते.

आणि ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, ते तरी कुठे आकाशातून पडते? त्या कोऱ्या थीमचा पांढरा रंगही कोणीतरी निवडलेला आहे. रोमन अक्षरांसाठी 2007 पासून ‘कॅलिब्री’ हे वळण मूळ मानले जाई. 2023 साली कंपनीने ठरवले आणि ‘ॲप्टॉस’ नावाचे दुसरेच वळण मूळ झाले. आपल्या देवनागरीचे तर आणखी जवळचे. विंडोजच्या संगणकावर कित्येक वर्षे जे ‘मंगल’ नावाचे वळण आपोआप समोर येई, ते घडवले होते र. कृ. जोशी यांनी. ते मराठी कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आय. आय. टी.त शिकवणारे अध्यापक. ज्या अक्षराला आपण ‘काहीच न केलेले अक्षर’ समजत होतो, त्याच्या प्रत्येक काना-वेलांटीमागे एका रसिक मराठी माणसाचा हात होता. निरलंकार असे जगात फारसे काही नसतेच. सवयीचे झालेले अलंकार आपल्याला दिसेनासे होतात, इतकेच.

माझ्या शेजाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बंदरातल्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. पुढे नौका किनाऱ्यावर काढून तिचा तळ खरवडतात, जुना रंग घासून काढतात. लाकूड उघडे पडले की कुजकी फळी लपत नाही. म्हणजे रंग उतरवण्यात शहाणपण आहे, हे तांडेलाला माझ्याहून चांगले ठाऊक असते. पण तो तिथेच थांबत नाही; डागडुजी झाली की रंग पुन्हा चढवतो. आणि तो रंग नुसत्या हौसेचा नसतो. मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यानंतर किनारी राज्यांच्या मासेमारी नौकांना वेगवेगळी रंगसंगती ठरवून देण्याचे धोरण आले, ते दुरून नौका ओळखता यावी म्हणून. समुद्रावर रंग हेच नाव असते. तेव्हा नौका साधी दिसावी म्हणून कोणी तिचा रंग खरवडून तिला तशीच पाण्यात लोटली, तर त्याला आपण साधेपणाचा उपासक म्हणणार नाही.

बरे, साधे तेवढे सत्य, हेही खरे नाही. 2003 च्या फेब्रुवारीत कोलंबिया हे अवकाशयान परतताना कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. त्याने किती इजा झाली असेल, याचा विचार यान वर असतानाच तज्ज्ञांनी स्लाइड्स मांडून केला. पुढे चौकशी मंडळाच्या अहवालाने त्यांतल्या एका स्लाइडवर बोट ठेवले. मथळा धीर देणारा होता. आदळलेला तुकडा सुमारे 1920 घन इंचांचा आणि ज्यावर आधी चाचण्या झाल्या तो 3 घन इंचांचा, म्हणजे 640 पटींचा फरक, ही बाब पानाच्या अगदी तळाशी होती. तिथे ना लाटा होत्या ना सोनेरी वेल. साध्या पानावरही महत्त्वाचे ते खाली दडपता येते. दोष सजावटीचा नसतो, दोष असतो कशाला पुढे करायचे आणि कशाला मागे, या निवडीचा. ती निवड साध्या कपड्यांतही येते आणि भरजरी कपड्यांतही.

मग माझे चुकले ते नेमके काय? साधेपणा आवडला, हे चुकले नाही. चुकले ते हे, की तो मी दुसऱ्याच्या वस्तूवर न विचारता घातला. हर्ण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेले की मुरूड लागते. महर्षी कर्व्यांचे हे गाव. नवरा गेलेल्या बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, केस काढायचे आणि त्या सक्तीच्या ओकेपणाला पावित्र्य म्हणायचे, अशी तेव्हाची रीत. कर्व्यांनी 1893 साली गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले, तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकले. तेच कर्वे स्वतः जन्मभर साधेपणाने राहिले, आणि त्याबद्दल सारा महाराष्ट्र त्यांच्यापुढे वाकला. साधेपणा दोन्हीकडे दिसतो. पण एक स्वतः पत्करलेला आणि दुसरा लादलेला. पहिल्याला व्रत म्हणतात, दुसऱ्याला शिक्षा. एका कॉलेजकन्येच्या स्लाइडची त्या दुःखाशी बरोबरी करणे थिल्लरपणाचे होईल, हे मी जाणतो. तरी दुसऱ्याचे रंग पुसताना ‘हे त्याच्याच भल्यासाठी’ असे म्हणणारा तो आवाज मला त्या रात्री ओळखीचा वाटला. तो माझाच होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. या वेळी माऊस तिच्या हातात होता. गंमत अशी, की कोरी थीम तिने आपणहून निवडली. “लाटा मलाही नकोच होत्या,” ती म्हणाली, “पान मोकळं दिसू नये म्हणून घातल्या होत्या.” सोनेरी वेलही तिनेच काढली. मग एकेका चौकोनात तिने आपला लाल, पिवळा, हिरवा संचाबाहेरून आणून पक्का भरला आणि शिवाय आत लहान अक्षरांत ‘बंदी’, ‘वादळ’, ‘गेलो’ असेही लिहिले. रंग गेला तरी शब्द राहावा म्हणून. माझ्यासारख्यांच्या तडाख्यातून माहिती वाचवण्याचा हा उपाय तिचा तिने शोधला. तिच्या पानावर आता पूर्वीपेक्षा कमी होते, आणि जे होते त्यातले प्रत्येक कशासाठी आहे हे ती सांगू शकत होती. मला हवा होता तो साधेपणा हाच. फक्त तो आणण्याचा हक्क माझा नव्हता.

आता दिवाळीची सुटी आहे. रोज सकाळी ती दारातली कालची रांगोळी स्वतः पुसते आणि नवी काढते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. परवा तिने नव्या भाषणाच्या स्लाइड्स माझ्याकडे पाठवल्या. खाली तीच जुनी ओळ होती: सर, शुद्धलेखन तेवढं बघा.

मी शुद्धलेखन तेवढे पाहिले.