पाहणाराचा वांटा

पाहण्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं, अशी एक सोयीची समजूत आपणां सर्वांची असते. चोरी करणारा वेगळा, मारणारा वेगळा; जो नुसता पाहतो तो निर्दोष. आपल्या वेदांतानें तर पाहणाराला फारच वरच्या आसनावर बसविलें आहे. एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांपैकीं एक फळ खातो व दुसरा न खातां केवळ पाहतो, हें उपनिषदांतील रूपक सर्वपरिचित आहे. आणि त्यांतील न खाणाऱ्या पक्ष्याकडेच आपला आदर वळतो. परंतु साक्षी हा शब्द आपण आणखी एका ठिकाणीं वापरतों, आणि तें ठिकाण म्हणजे कोर्ट. तेथील साक्षीदार अलिप्त नसतो. तो शपथ घेतो, उलटतपासणीस उभा राहतो, आणि खोटें बोलल्यास शिक्षेस पात्र होतो. छायाचित्रकार या दोहोंपैकीं कोणत्या अर्थानें साक्षी समजावा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका पुस्तकी नाहीं. एका शहरांतील पोरांच्या खेळावरून तो फार स्पष्टपणें मांडतां येतो.

तें शहर अमेरिकेंतील लॉस एंजलिस, व खेळ स्केटबोर्डचा. एक आंखूड फळी, तिला खालून चार चाकें, आणि तिच्यावर उभें राहून घसरत जावयाचें, एवढेंच या खेळाचें भांडवल. पूर्वीं चाकें कठीण असत. लहानसा खडा आडवा आला तरी फळी जागच्या जागीं थांबे व मुलगा मात्र पुढें जाऊन पडे. १९७३ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी नांवाच्या तरुणानें युरेथेनचीं मऊ, जमिनीस धरून राहणारीं चाकें विक्रीस आणलीं, आणि समुद्राच्या लाटांवर फळी चालविणाऱ्या सांता मोनिका व व्हेनिस येथील मुलांना सिमेंटच्या उतारांत लाटा दिसूं लागल्या. डोंगरांतील पावसाळी पाण्याचे नाले, शाळांचीं उतरतीं पटांगणें, जें सांपडेल तें त्यांनीं घेतलें. पुढें १९७६-७७ सालीं कॅलिफोर्नियांत अवर्षण पडलें. श्रीमंतांच्या परसांतील पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि त्यांच्या गोलाकार भिंती या मुलांच्या हातीं आयत्याच आल्या. दुष्काळानें पिकें जातात हें आपण जाणतों. दुष्काळांतून एक कला उगवावी हें नवल खरेंच. कुंपणावरून उड्या टाकून हीं मुलें परक्यांच्या घरांत शिरत, आणि कोणी ओरडलें कीं पळ काढीत.

या मुलांचे साक्षी तिघे, आणि तिघांची तऱ्हा वेगवेगळी. ह्यू हॉलंड हे वयानें प्रौढ, स्वतः न खेळणारे. १९७५ सालीं लॉरेल कॅन्यनच्या रस्त्यानें जात असतां नाल्याच्या कांठावरून मुलांचीं डोकीं वर येतांना त्यांना दिसलीं, आणि पुढें तीन वर्षें ते उतरत्या दुपारच्या उन्हांत या मुलांमागें हिंडले. सिनेमाच्या जुन्या फिल्मवर घेतलेलीं त्यांचीं चित्रें पिवळसर, ऊबदार दिसतात. अनवाणी पाय, उघडी पाठ, उन्हानें पिंगट झालेले केस. दुसरे क्रेग स्टेसिक. ते याच वस्तींतले. मुलांच्या टोळीचें वर्णन ते मासिकांत स्वतःच लिहीत, स्वतःच चित्रें देत, आणि सही मात्र कधीं कार्लोस इझान अशी, तर कधीं जॉन स्माइथ अशी करीत. तिसरे ग्लेन फ्रीडमन. ते तर त्या मुलांतलेच एक; १९७६ सालीं त्यांचें चित्र ‘स्केटबोर्डर’ मासिकांत प्रथम छापून आलें तेव्हां त्यांचें वय चौदा वर्षांचें होतें.

बाहेरचा साक्षी अधिक निःपक्षपाती असतो व आंतला अधिक जाणता असतो, असा एक ठराविक वाद येथें घालतां येईल. मला तो निष्फळ वाटतो. खरा मुद्दा असा कीं, या तिघांपैकीं एकही न खाणारा पक्षी नव्हता. तलावाच्या तळाशीं उभा राहून चित्र घेणारा मनुष्य त्या तळापर्यंत कुंपण ओलांडूनच गेलेला असतो. आणि मासिकांतील चित्रें पाहून शेकडों मैलांवरचीं मुलें तशींच उभीं राहूं लागलीं, तसेच कपडे घालूं लागलीं, त्या कपड्यांचीं दुकानें निघालीं; तेव्हां जें होतें तें फक्त नोंदविलें, असें म्हणणें त्या मासिकांना शोभणारें नाहीं. हॉलंड यांनीं १९७८ सालीं हें काम थांबविलें. शिरस्त्राणें व गुडघ्यांच्या गाद्या आल्या, सदऱ्यांवर कंपन्यांचीं नांवें आलीं, आणि त्यांना आवडलेलें तें साधें रूप निघून गेलें. तें रूप जाण्यांत कॅमेऱ्याचा वांटा होताच.

मग या साक्षीदाराची शपथ कोणती? तिचें उत्तर मला एका अशा ठिकाणीं सांपडलें, जेथें तत्त्ववेत्ते सहसा जात नाहींत. पुढें हा खेळ रस्त्यांवरील पायऱ्या व कठडे यांवर आला, तेव्हां त्याचीं चित्रें घेणाऱ्यांत एक अलिखित नियम रूढ झाला. मुलगा हवेंत आहे, फळी पायांशीं आहे, चित्र अप्रतिम आलें आहे. परंतु तो खालीं येऊन फळीवर उभा राहिला नाहीं व तसाच पुढें गेला नाहीं, तर तें चित्र छापावयाचें नाहीं! गंमत अशी कीं, चित्रांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. मायब्रिज यांनीं १८७८ सालीं याच कॅलिफोर्नियांत धांवत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणीं अधांतरीं असतात हें चित्रांनीं दाखविलें, आणि कॅमेरा खोटें बोलत नाहीं या श्रद्धेला मोठेंच बळ आलें. पण पाय अधांतरीं आहेत याहून अधिक तें चित्र सांगत नाहीं. घोडा पुढच्या क्षणीं अडखळला कीं काय, हें पाहिलेल्या माणसालाच विचारावें लागतें. लेसिंग यांनीं आपल्या ‘लाओकोऑन’ ग्रंथांत (१७६६) चित्रकारास सल्ला दिला आहे कीं, प्रसंगाचा अखेरचा क्षण न निवडतां असा क्षण निवडावा कीं ज्याच्या पुढें कल्पनेला जाण्यास वाव राहील. सल्ला रास्त आहे. परंतु जेथें कल्पनेला वाव तेथें लबाडीलाही वाव, ही गोष्ट लेसिंग यांच्या चित्रकाराला अडचणीची नव्हती. येथें ती आहे. म्हणून या पोरांनीं चित्राचें सत्य चित्राबाहेर, चित्रकाराच्या इमानांत ठेवलें. फिशआय नांवाचें भिंग वापरून चार पायऱ्यांच्या आठ भासवितात, तें त्यांना चालतें. कारण तें भिंग सर्वांना ठाऊक आहे आणि पाहणारा मनांत तेवढी वजावट करून घेतो. न साधलेली उडी साधली म्हणून दाखविणें मात्र चालत नाहीं. अतिशयोक्ति आणि असत्य यांतील हा भेद आमच्या अलंकारशास्त्रज्ञांनाही पटला असता.

आतां याहून अवघड गोष्ट. त्या नाल्यांतील बहुतेक मुलें अल्पवयी होतीं. हॉलंड यांचीं चित्रें २०१० सालीं ‘लोकल्स ओन्ली’ या नांवाच्या पुस्तकांत आलीं, आणि आज तीं मोठ्या आकारांत चित्रदालनांच्या भिंतींवर टांगलीं जातात. पंधराव्या वर्षीं हंसत दिलेली संमति पन्नाशींतल्या गृहस्थावर बंधनकारक कितपत? चित्रें नसतीं तर त्या दुपारी उरल्याच नसत्या, हें उत्तर खोटें नाहीं, पण पुरतें नाहीं. न मागितलेल्या देणगीनेंही घेणारा बांधला जातो. कोर्टांतल्या साक्षीदाराप्रमाणें छायाचित्रकारालाही पुढें कधींतरी विचारतां आलें पाहिजे कीं, मला असा कां दाखविलास? आणि त्यानें तेथें हजर असलें पाहिजे. टोपण नांवानें सही करणारे स्टेसिक मला येथें, त्यांची सारी बुद्धिमत्ता मान्य करूनही, थोडे सुटून गेल्यासारखे वाटतात.

कांहीं मुलांनीं मात्र हा हक्क पुढें स्वतःच बजावला. त्या टोळींतील स्टेसी पेराल्टा यांनीं २००१ सालीं ‘डॉगटाउन अँड झी-बॉइज’ हा माहितीपट काढला. त्यांत स्टेसिक व फ्रीडमन यांचीं जुनीं चित्रें आहेत आणि त्या चित्रांतील मुलें आतां प्रौढ होऊन त्यांच्याविषयीं बोलतात. ज्याचें चित्र निघालें तोच येथें दिग्दर्शक, साक्षीदार व न्यायाधीश झाला आहे, आणि निकाल अर्थातच स्वतःच्या बाजूनें लागला आहे. पण निदान उलटतपासणी झाली. तीं जुनीं चित्रें पडद्यावर येत असतां माझें लक्ष मात्र पुन्हां पुन्हां मागच्या भिंतीकडे जातें. एखादी बंद खिडकी, परसांतील एखादें झाड, कोरड्या तलावाच्या कडेची निळी फरशी. घरधनी कोठेंच दिसत नाहीं.